‘अंगणवाडी’ आणि ‘कुरणशाळा’ : दोन संज्ञा

‘किंडरगार्टन’ ही संज्ञा फ्रोबेलने १८४० मध्ये योजिली. मूल हे रोप व शिक्षक हा माळी, हे तीमधील रूपक. मराठी ‘बालवाडी’त ते टिकले, कारण वाडी (सं. वाटिका) म्हणजे बाग. परंतु वाडी म्हणजे वस्तीही होय. आणि हा दुसरा अर्थ ताराबाई मोडक यांच्या कार्याने पुढे आणला. १९४५ मध्ये अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी बोर्डी (तेव्हा ठाणे, आता पालघर जिल्हा) येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात गेली. तीच अंगणवाडी. माँटेसरीच्या खर्चिक साहित्याऐवजी तेथे शिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने झाली.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांना गुरे राखावी लागत. गुरे सोडून शाळेत बसणे घरास परवडणारे नव्हते. म्हणून शिक्षणच गुरांमागे कुरणात गेले व ‘कुरणशाळा’ हा शब्द रूढ झाला. डेन्मार्क-जर्मनीतील वनबालवाड्यांशी तिची तुलना करण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. तेथे मुलास मुद्दाम रानात नेतात; येथे मूल रानातच होते, नव्हती ती अक्षरे.

१९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. नागपुरातही तो घरोघरी परिचित आहे, मात्र बहुधा एका खोलीचे नाव म्हणून. ‘कुरणशाळा’ कोसबाडच्या परिसराबाहेर फारशी पडली नाही.