बाटली का फुटली?

इंग्लंडमध्ये लीड्सला राहणाऱ्या माझ्या भाच्याला घरी बिअर करण्याचा नाद लागला आहे. पहिली खेप बरी उतरली म्हणून त्याने दुसरी केली आणि बाटल्यांत भरून जिन्याखालच्या कपाटात ठेवली. दहा-बारा दिवसांनी, मध्यरात्री, कपाटात मोठा आवाज झाला. पाठोपाठ आणखी दोन. सकाळी दार उघडले तर आत काचांचा खच आणि भिंतीवर फेस. दार बंद होते म्हणून कोणाला इजा झाली नाही. फोनवर ही हकीकत सांगून तो म्हणाला, "मामा, तुम्ही इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलंत ना? मग सांगा, माझं काय चुकलं?"

मला त्या पेयातले काही कळत नव्हते. म्हणून मी त्यालाच एकेक पायरी विचारत गेलो. विचारता विचारता लक्षात आले की किण्वन, घनता आणि वायूंची विद्राव्यता हे आपण तीन वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो, आणि इथे ते तिन्ही धडे एका बाटलीत कोंबलेले होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ब्रिटनमध्ये घरी बिअर करायला पूर्वी परवाना लागत असे. १९६३ साली ती अट उठली. आजही स्वतःपुरती करता येते, विकता येत नाही. अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने अशीच मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय बिअर गाळणे हा गुन्हा आहे. तेव्हा पुढचा मजकूर पाककृती म्हणून वाचू नये.

बिअरचा कच्चा माल म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू, अर्थात माल्ट. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरात ही क्रिया नवी नाही. दाण्याला मोड फुटला की त्यात विकरे तयार होतात. साठवलेला स्टार्च फोडून रोपट्याला साखर पुरवणे हे त्यांचे काम. मोड वेळीच वाळवला की विकरे तशीच दाण्यात राहतात. मग हे माल्ट भरडून गरम पाण्यात तासभर ठेवायचे. पाण्याचे तापमान ६५ ते ६८ अंश सेल्सिअस हवे, आणि हे दोन-तीन अंश फार महत्त्वाचे. दोन विकरांची जोडी इथे काम करते. एक साठ ते पासष्ट अंशांच्या आसपास उत्तम चालते आणि स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज साखरेचे तुकडे काढते. दुसरे सत्तरच्या जवळ रमते आणि साखळी मध्येच कुठेही तोडते. पाणी जरा थंड ठेवले तर यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त मिळते. जरा गरम ठेवले तर लांब तुकडे शिल्लक राहतात, ते यीस्टला पचत नाहीत आणि पेय दाटसर लागते. बिअर करणाऱ्यांना चांगला तापमापक लागतो तो यासाठी. उष्णता आणि कार्य यांचा संबंध मोजणारा जूल हा मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डच्या बिअर कारखानदाराचा मुलगा होता, हे वर्गात सांगायला हरकत नाही.

गाळलेले गोड पाणी मग तासभर उकळतात. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले टाकतात. त्यांतल्या आम्लांची रचना उकळताना बदलते व कडवटपणा येतो, शिवाय काही जिवाणूंना ती वाढू देत नाहीत. उकळून झाले की तांब्याच्या नळीचे वेटोळे आत सोडून त्यातून थंड पाणी खेळवतात. द्रव झटपट वीस अंशांवर आणायचा असतो, कारण कोमट गोड पाण्यावर आपल्या यीस्टइतकाच हवेतल्या इतर जंतूंचाही डोळा असतो. इथून पुढे जे भांडे, जी नळी द्रवाला लागेल ती निर्जंतुक हवी.

यीस्ट घातले की झाकण लावायचे. झाकणात एक वाकडी नळी असते, तिच्यात थोडे पाणी. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा आत येत नाही. वीस लिटरच्या खेपेत साधारण दीड किलो साखर संपते. तिच्यापासून जवळजवळ निम्म्या वजनाचा, म्हणजे सुमारे पाऊण किलो, कार्बन डायॉक्साइड निघतो. हा वायू साध्या दाबाला ४०० लिटर जागा व्यापतो. रस्त्याच्या कामावर डांबराची २०० लिटरची पिंपे दिसतात ना, तशी दोन भरतील इतका. (१७६७ साली जोसेफ प्रीस्टली लीड्सला राहायला आला तेव्हा त्याच्या शेजारीच बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या पिंपांवर साचलेल्या याच वायूवर त्याने प्रयोग केले आणि पाण्यात तो विरघळवून सोडावॉटर केले. भाच्याला हे ठाऊक नव्हते, याचे मला थोडे वाईट वाटले.)

किण्वन कुठवर आले ते हायड्रोमीटरने कळते. दूध डेअरीतल्या लॅक्टोमीटरचाच हा भाऊ. भाच्याच्या खेपेची सुरुवातीची घनता १.०४५ होती. ती १.०१० पर्यंत उतरायला हवी होती, म्हणजे फरक ०.०३५. याला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे आकारमानी प्रमाण मिळते, सुमारे ४.६ टक्के. विद्यार्थी विचारतील की साखर संपली तरी घनता इतकी कशी उतरली. साखर कमी होते हे एक, आणि पाण्याहून हलके अल्कोहोल वाढते हे दुसरे. या दोन्हींचा हिशेब धरला तर घनता ०.००१ ने उतरते तेव्हा लिटरमागे दोन ग्रॅमहून थोडी अधिक साखर खर्च झालेली असते.

"बाटल्या भरल्यास तेव्हा घनता किती होती?" मी विचारले.

"१.०१५. पण बुडबुडे थांबले होते ना!"

इथेच गोम होती. बुडबुडे थांबले याचा अर्थ साखर संपली असा होत नाही. त्या आठवड्यात घर गारठले होते आणि यीस्ट सुस्तावले होते. दोन-तीन दिवस लागोपाठ घनता तीच आली तरच किण्वन संपले म्हणायचे, आणि तेही भांडे उबेला ठेवून पाहिल्यावर.

आता बाटलीचा हिशेब करू. किण्वन संपलेल्या बिअरमध्ये वीस अंशांना लिटरमागे साधारण १.७ ग्रॅम वायू विरघळलेला उरतो. फेस येण्यासाठी पावणेपाच ग्रॅम हवा. म्हणून बाटली भरताना लिटरमागे ६ ग्रॅम साखर मुद्दाम घालतात, तिच्यापासून आणखी ३ ग्रॅम वायू बंद बाटलीत तयार होतो. विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडलेल्या नियमानुसार विरघळलेला वायू दाबाच्या प्रमाणात असतो. वीस अंशांना एका वातावरणाला १.७ ग्रॅम, तर ४.७ ग्रॅमला सुमारे २.८ वातावरण. हवा भरलेल्या मोटारीच्या टायरमध्ये साधारण एवढाच एकूण दाब असतो. बिअरची बाटली तो सहज सोसते.

भाच्याच्या बाटलीत मात्र ०.००५ घनतेइतकी, म्हणजे लिटरमागे दहा-साडेदहा ग्रॅम साखर आधीच शिल्लक होती. तिचा वायू पाच ग्रॅमच्या वर. एकूण दहा ग्रॅम, दाब जवळजवळ सहा वातावरण. एवढ्यावर थांबले नाही. जिन्याखालच्या कपाटातून घर तापवण्याचा गरम पाण्याचा नळ जात होता. उबेने सुस्तावलेले यीस्ट जागे झाले आणि वायूची विद्राव्यताही घटली. तीस अंशांना दाब सातच्या घरात जातो. जुन्या बाटलीवर एखादा ओरखडा असला की तिथून काच तडकायला एवढे पुरते. एक फुटली की तिच्या काचा शेजारणीवर आदळतात.

त्या प्रसंगानंतर त्याने बाटल्या सोडून केग घेतला. स्टेनलेस स्टीलचा हा उंच डबा एकोणीस लिटरचा असतो. मुळात तो थंड पेयांच्या धंद्यातला. पुढे त्या धंद्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे खोके आले, तेव्हा जुने केग स्वस्तात विकले जाऊ लागले व घरी बिअर करणाऱ्यांनी उचलले. त्याच्या डोक्यावर दोन तोंडे असतात. एकातून वायू वरच्या वर सोडायचा, दुसऱ्याची नळी तळापर्यंत जाते आणि तिच्यातून बिअर बाहेर येते. इथे साखर घालावी लागत नाही. कार्बन डायॉक्साइडच्या सिलिंडरमध्ये वीस अंशांना सत्तावन्न वातावरणांच्या आसपास दाब असतो, रेग्युलेटर तो उतरवतो. केग फ्रिजमध्ये पाच अंशांवर ठेवला तर विद्राव्यता इतकी वाढते की बाहेरच्या दाबापेक्षा जेमतेम पाऊण वातावरण जास्त दिले तरी तेवढाच वायू आठवड्याभरात विरघळतो. शिवाय जास्तीचा दाब सोडून द्यायला झडप आहे. एक गंमत त्याला उशिरा कळली. तोटीपर्यंतची नळी आखूड ठेवली तर पेल्यात नुसता फेस येतो. दोन-तीन मीटर लांब, बारीक नळी ठेवली की घर्षणाने दाब हळूहळू उतरतो आणि बिअर शांतपणे येते. सिलिंडर मात्र बंद खोलीत गळला तर जीव जाऊ शकतो, हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो.

हा विषय वर्गात निघाला की विषारी दारूचा प्रश्न हमखास येतो. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मेली ती मिथेनॉलने. धान्याच्या किण्वनात मिथेनॉल नगण्य तयार होते. असे बळी जातात ते बहुतेक वेळा कारखान्यात वापरायचे मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. यीस्टला त्याचा दोष देऊ नये.

वर्गात करण्याजोगा भाग वजनाचा. बेकरीतले कोरडे यीस्ट पाच-सहा ग्रॅम, साखर वीस ग्रॅम आणि पाव लिटर कोमट पाणी एका बाटलीत घ्या, तोंडावर कापूस सैल बसवा आणि बाटली स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून दर पंधरा मिनिटांनी वजन लिहा. दोन-तीन तासांत काही ग्रॅम घट दिसते. साखर बाटलीतच आहे, बूच उघडेच आहे, मग वजन गेले कुठे, हे मुलांनाच शोधू द्यावे. तास संपला की द्रव मोरीत ओता. बूच घट्ट लावून बाटली कपाटात ठेवू नका.