विश्रांती रियाजातच धरावी

पहाटे तानपुरा जुळवून खर्जात षड्ज लावला की पहिली दहा-पंधरा मिनिटे आवाज ताब्यात नसतो. रात्रभर सुजल्यासारख्या झालेल्या स्वरतंतूंना मोकळे व्हायला वेळ लागतो, श्वास अर्ध्यातच संपतो, सूर खरखरत लागतो. जाणता विद्यार्थी इथे जोर लावत नाही. मंद्रातल्या एकेका स्वरावर तो थांबतो, आकार लावतो, आणि आवाजाला धार आली की मगच मध्य सप्तकात येतो. पलटे आणि ताना त्यानंतर. या क्रमामागे शरीराचे साधे गणित आहे. काळी चारमध्ये गाणाऱ्या मुलीचा मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा एकमेकींवर आपटणाऱ्या दोन नाजूक पट्ट्या, आणि तार षड्ज म्हणजे त्याच्या दुप्पट. तासाभराच्या गाण्यात, मधले श्वास आणि थांबे वगळले तरी, हे आघात काही लाखांत जातात. तबल्यावरच्या बोटांचे, मिजराब चढवलेल्या तर्जनीचे, तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या गुडघ्यांचे आणि कमरेचेही असेच हिशेब मांडता येतील. म्हणून माझे म्हणणे असे, की तरुण कलावंताची झोप, त्याचे मौन, त्याच्या मनाचे स्वास्थ्य ही महत्त्वाकांक्षेतून काढून दिलेली सवलत समजू नये. ती रियाजाचाच भाग आहेत आणि रियाजाच्या तासांतच मोजली पाहिजेत.

आज पुण्या-मुंबईत वा धारवाड-बेळगावात शिकणाऱ्या विशीतल्या मुलामुलींचा दिवस कसा जातो हे पाहिले की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. सकाळी खर्ज, मग कॉलेज किंवा नोकरी, तिथे दिवसभराचे बोलणे, संध्याकाळी स्वतःचा क्लास किंवा लहान मुलांच्या शिकवण्या, रात्री तालमी, आणि शनिवार-रविवारी स्पर्धा नाहीतर प्रवास. गंधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद, पुढे अलंकार, आकाशवाणीची ग्रेड, शिष्यवृत्तीची मुलाखत हे टप्पे याच दिवसात बसवायचे असतात. केंद्र सरकारची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा ५,००० रुपये हाती येतात. शहरात त्यात खोलीचे भाडेही निघत नाही, म्हणून शिकवण्या वाढतात. आणि शिकवणी म्हणजे पुन्हा गळाच. लहान मुलांच्या पट्टीत, आपल्या सोयीच्या नसलेल्या सुरात, तोच अलंकार वीस वेळा गाऊन दाखवायचा. या सगळ्यावर चार तास रियाज चढवला की विद्यार्थ्याला वाटते, आपण चार तास गायलो. गळ्याच्या हिशेबी ते आठ-नऊ तास झालेले असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. थोर कलावंत असे सुखात वाढले का? बारा-चौदा तासांच्या रियाजाच्या कथा आहेत, तबलजींचा चाळीस दिवसांचा चिल्ला आहे, अकराव्या वर्षी घर सोडून गुरूच्या शोधात निघालेले भीमसेन जोशी आहेत. या कथा खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. त्यांतल्या निष्ठेपुढे मान तुकवावी अशीच ती निष्ठा आहे. पण चिल्ल्याला मुदत असते हे आपण विसरतो. चाळीस दिवस म्हणजे चाळीसच, आणि त्या काळात इतर सगळे व्यवहार बाजूला ठेवलेले असतात. शिवाय या कथा जे तरले त्यांच्याच आहेत. ज्यांचा आवाज अतिश्रमाने पंचविशीतच फाटला, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. क्वचित एखाद्या मोठ्या माणसाच्या आयुष्यात हे नुकसान नोंदले गेले आहे. दरबारातल्या अतिरेकी गाण्याने अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज गेला, आणि परत आला तो पूर्वीचा राहिला नाही. त्यांनी पुढे घडवलेल्या लयदार, पेचदार गायकीमागे हा बदललेला आवाजही आहे असे जाणकार मानतात. एवढी बुद्धी आणि एवढी विद्या पाठीशी असलेल्या माणसाला नवी वाट काढता आली. ते उदाहरण दाखवून वीस वर्षांच्या मुलीला बसलेल्या आवाजात गायला लावणे हा अन्याय आहे.

मोजून केलेल्या अभ्यासातूनही वेगळे काही दिसत नाही. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांच्या दिनक्रमाची पाहणी १९९३ साली प्रसिद्ध केली. दहा हजार तासांचा जो आकडा पुढे सर्वतोमुखी झाला तो मुख्यतः तिथूनच उचललेला. त्याच पाहणीतली दुसरी बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. सर्वांत चांगले विद्यार्थी एकट्याने दिवसाला सरासरी साडेतीन तास वाजवत, तेही मध्ये थांबत, आणि दिवसाकाठी साडेआठ तासांच्या वर झोपत, त्यात दुपारची वामकुक्षी धरलेली. कमी पडणाऱ्यांपेक्षा त्यांचा अभ्यास कितीतरी जास्त होता, हेही खरे. आळसाचे समर्थन या पाहणीतून कोणाला करता येणार नाही. व्हायोलिन म्हणजे गळा नव्हे, हा आक्षेपही मान्य. पण वाद्याच्या तारा तुटल्या तर बदलता येतात, गळ्याच्या नाहीत. म्हणजे गायकाने त्याहून सावध राहायला हवे. आपल्या परंपरेत त्याची सोयही आहे. तबल्याचा विद्यार्थी हाताला विश्रांती देऊन पढंत करतो. कायदा आणि त्याचे पलटे तोंडी म्हणताना लय अधिकच पक्की होते. गाणाऱ्याने नुसता तानपुरा छेडत स्वर ऐकत बसावे, बंदिश मनात म्हणावी, एकाच रागाची तीन ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकावीत. असे तास रियाजाच्या वहीत लिहायला आपण का लाजतो?

कुमार गंधर्वांचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते, आणि बहुधा चुकीच्या अर्थाने. क्षयाने फुप्फुस निकामी झाले, १९४८च्या आरंभी ते देवासला आले आणि सुमारे पाच वर्षे गाऊ शकले नाहीत. त्या काळात माळव्याची लोकगीते कानावर पडत राहिली आणि त्यांतून पुढे धुनउगम रागांची वाट निघाली. यातून आजारपणाने कलावंत घडतो असा निष्कर्ष काढणे क्रूर आहे. आजाराने त्यांचे श्वास हिरावले. संगीताला दिले ते ऐकण्याने, आणि ऐकण्यासाठी आजारी पडावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे, आणि पालकांच्या मनात तोच असतो. स्पर्धा थांबत नाही. आज निमंत्रण नाकारले तर उद्या ते दुसऱ्याला जाईल. हे खरे आहे, एखादे वर्ष मागे पडावे लागेल. पण ख्याल ही उशिरा पिकणारी विद्या आहे. मल्लिकार्जुन मन्सूरांना पद्मश्री मिळाली १९७० साली, साठीच्या उंबरठ्यावर, आणि त्यांची देशभरातली खरी ओळख झाली त्याच्या आगेमागे. गंगूबाई हनगल नव्वदीतही मैफलीत बसल्या. ज्या कलेत पन्नास वर्षे गायचे आहे तिथे बाविसाव्या वर्षाची निमंत्रणे मोजून आयुष्याचा कौल लावता येत नाही. मनाचा थकवाही याच हिशेबात येतो. दुसऱ्याच्या ध्वनिफितीला मिळालेली पसंती रात्री अंथरुणात पाहत राहणाऱ्या मुलाला सकाळी खर्ज लागत नाही, आणि तो दोष आपल्या गळ्याचा समजतो.

आता गुरुजनांना एक विनंती. आपल्याकडे शिष्य ‘आज आवाज नाही’ असे सहज म्हणू शकत नाही; आदर आड येतो आणि निष्ठेवर शंका घेतली जाईल ही भीतीही असते. मुलींना मासिक पाळीच्या आधी आवाज जड होतो हे सांगण्याचा संकोच वाटतो, आणि आवाज फुटण्याच्या वयातली मुले ताना निसटल्या म्हणून स्वतःला नालायक समजतात. हे बोलणे शिष्याने सुरू करावे अशी अपेक्षा ठेवू नका, आपणच विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, आवाज दोन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर ज्येष्ठमध आणि काढ्यावर भागवू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, त्यांना तुम्ही गाता हे पहिल्यांदा सांगा, आणि ते म्हणतील तितके दिवस गप्प राहा.