भूमिवापर व स्थानिक जमाखर्च
भूमिवापर व स्थानिक जमाखर्च : स्थानिक संस्थेचे उत्पन्न व खर्च निवास, व्यापार-उद्योग आणि शेती व खुली जमीन या भूमिवापरांत विभागून, प्रत्येक वापरापासून मिळणारा महसूल व त्यास पुरविलेल्या सेवांचा खर्च यांची तुलना करण्याची पद्धती. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात ‘अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट’ या संस्थेने ती प्रचारात आणली.

या पद्धतीत एका वर्षाच्या जमाखर्चातील प्रत्येक बाब संबंधित वापराच्या खाती घालतात. रस्ते, कार्यालयीन खर्च यांसारख्या सामाईक बाबी मालमत्तेच्या मूल्याच्या वा अन्य प्रमाणात वाटतात. नंतर खर्चास उत्पन्नाने भागतात. उदा., निवासी वापराचे उत्पन्न १०० रु. व खर्च १२० रु. असल्यास गुणोत्तर १·२० येते. अमेरिकेतील बहुतेक पाहण्यांत निवासी गुणोत्तर एकाहून अधिक, तर इतर दोन वापरांचे एकाहून कमी आढळले. शाळांचा मोठा खर्च निवासी खाती पडतो, हे त्याचे प्रमुख कारण होय.

महाराष्ट्रात ही विभागणी कितपत लागू पडते, हे वाशिमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यावरून स्पष्ट होते. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. सोयाबीन, तूर व कापूस ही येथील प्रमुख पिके. शेतकऱ्याची जमीन शिवारात, तर घर बहुधा गावठाणात असते. त्यामुळे एकाच कुटुंबाचा हिशेब दोन खाती विभागला जातो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामपंचायत इमारतींवर व शेतसारा लागू नसलेल्या जमिनींवर कर बसविते. पिकाखालील जमीन त्यातून वगळली जाते. जमीन महसूल राज्य शासनाचा असतो. त्यावरील उपकर पंचायतीस व जिल्हा परिषदेस मिळतो. १९६१ च्या अधिनियमात जिल्हा परिषदेच्या उपकराचा दर रुपयामागे २० पैसे ठेवण्यात आला. मूळ आकारणी जुन्या जमाबंदीवर आधारलेली असल्याने ही रक्कम अल्प भरते. शेतमालाच्या विक्रीवरील बाजार शुल्क कृषी उत्पन्न बाजार समितीकडे जाते. परिणामी गावाची उपजीविका ज्या शेतीवर चालते, तीच पंचायतीच्या हिशेबात जवळजवळ उत्पन्नहीन दिसते.

खर्चाची बाजूही वेगळी आहे. प्राथमिक शाळा व आरोग्य केंद्रे जिल्हा परिषद चालविते. परंतु त्यांचा खर्च प्रामुख्याने शासकीय अनुदानातून भागतो. ही अनुदाने निवासी उत्पन्नात धरली की नाही, यावर गुणोत्तर पूर्णपणे बदलते. नगरपरिषदांची जकात १९९९ मध्ये बंद होऊन तिच्या जागी अनुदान आल्याने व्यापारी वापराचा थेट महसूलही घटला.

शहराच्या सीमेवर शेतांचे निवासी भूखंड पडतात, तेव्हा या हिशेबाचे महत्त्व वाढते. घरपट्टी पंचायतीस मिळते. पण पाणी, गटारे व दिवाबत्ती यांचा कायमचा भारही तिच्यावर येतो, आणि तेथील रहिवासी बाजार व रस्ते मात्र शेजारच्या नगरपरिषदेचे वापरतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झालेल्या समृद्धी महामार्गासाठी जिल्ह्यातील जमीन शेतीखालून गेली; त्यावरील पथकर मात्र ग्रामपंचायतींच्या जमेत येत नाही.

ही पद्धती सरासरी खर्च दाखविते. नव्या वस्तीमुळे वाढणारा खर्च त्यातून कळत नाही. तसेच निवासी गुणोत्तर अधिक म्हणून शाळा व दवाखाना यांना तोट्याची बाब मानणे चुकीचे ठरेल. केंद्र शासनाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट केलेल्या वाशिममध्ये याच सेवांची वाढ हे विकासाचे उद्दिष्ट आहे. म्हणून या गुणोत्तराचा उपयोग सेवा कमी करण्यासाठी न करता, कोणत्या भूमिवापराचा भार कोणती संस्था उचलते व तिला त्याचा मोबदला मिळतो किंवा नाही, हे ठरविण्यासाठी करणे अधिक युक्त होय.