नायकपदाची सनद कोणाची?

कॅनडातील मूलनिवासींच्या राजकारणाची वार्ता आपल्या वर्तमानपत्रांत क्वचित येते, आणि येते तेव्हा पिसांचा मुकुट घातलेल्या एखाद्या नायकाच्या छायाचित्रासह येते. त्यामुळे या समाजांचा कारभार अनादि काळापासून नायकाच्या लहरीवर चालत आला असावा आणि मतदान, जमाखर्च, जबाबदारी या गोष्टी त्यांना गोऱ्या सरकारने शिकवल्या असाव्यात, अशी वाचकाची समजूत होऊन बसते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे.

नायक व त्याचे सभासद यांची जी 'बँड कौन्सिल' आज जागोजागी दिसते, ती १८७६ च्या 'इंडियन अ‍ॅक्ट'च्या पोटी जन्मलेली आहे. (कोलंबसाची चूक या कायद्याच्या नावात अद्याप सुखाने नांदते आहे; आपला त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.) निवडून आलेल्या नायकालाही अप्रामाणिकपणा, मद्यासक्ती, अनीती किंवा नालायकी यांचा ठपका ठेवून बडतर्फ करण्याची मुखत्यारी त्या कायद्याने सरकारकडे ठेवली होती, म्हणजे निवडणूक जमातीची, पण सनद ओटावाची.

सरकारने दिलेली निवडणूक म्हणजे लोकशाहीची प्रगतीच नव्हे काय, असे कोणी विचारील. ऑन्टॅरिओ प्रांतात ग्रँड नदीच्या काठी राहणाऱ्या हॉडेनोशोनी, म्हणजे इरोक्वाय, लोकांची हकीकत या प्रश्नाचे उत्तर देते. त्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक कुळातील ज्येष्ठ स्त्री नायकाची निवड करी आणि तो कर्तव्यास चुकला, ताकीद देऊनही सुधारला नाही, तर त्याच्या अधिकाराची खूण असलेली हरणाची शिंगे तीच उतरवून घेई. १९२४ साली सरकारने अशा नायकांची सभा फर्मान काढून बरखास्त केली, पोलिसांनी तिची कागदपत्रे आणि जांभळ्या-पांढऱ्या शिंपमण्यांचे 'वॅम्पम' पट्टे हस्तगत केले, आणि नव्या निवडणुकीत मताचा अधिकार केवळ प्रौढ पुरुषांना दिला. कायद्याने स्त्रियांना हे मत १९५१ साली मिळाले. ज्यांच्या हाती नायकाला पदच्युत करण्याची सत्ता होती त्यांना मतदारही न ठेवणाऱ्या या व्यवस्थेला 'सुधारणा' म्हणण्यास धाडस लागते. 'देस्काहे' हे नायकपद धारण करणारे लिव्हाय जनरल त्याआधीच, १९२३ मध्ये, सरकारी हस्तक्षेपाचे गाऱ्हाणे घेऊन जिनिव्हास राष्ट्रसंघाच्या दारी गेले होते. तेथे त्यांना सुनावणी मिळाली नाही.

'एवढा अन्याय होता, तर हे लोक न्यायालयात का गेले नाहीत?' हा प्रश्न निरागस वाटतो खरा. पण १९२७ पासून १९५१ पर्यंत जमिनीच्या दाव्यासाठी सरकारी परवानगीवाचून पैसा जमवणे हाच त्यांच्यासाठी गुन्हा होता.

सर्वांत चिवट गैरसमज असा की, मूलनिवासी पुढाऱ्यांनाच सुधारणा नको आहे. १९६९ साली मूलनिवासींच्या कारभाराचे मंत्री ज्याँ क्रेतियाँ यांच्या खात्याने 'इंडियन अ‍ॅक्ट'च रद्द करण्याची योजना मांडली, तेव्हा अल्बर्टातील क्री पुढारी हॅरॉल्ड कार्डिनल प्रभृतींनी तिला कडाडून विरोध केला. त्यांचा या कायद्यावर लोभ नव्हता. परंतु कायद्याबरोबर तहान्वये मिळालेले हक्कही वाहून जातील, हे त्यांना दिसत होते. योजना मागे घ्यावी लागली. पुढे तेच क्रेतियाँ पंतप्रधान असताना, २००२ साली, निवडणूक व हिशेब यांचे नियम दोन वर्षांत करा, न केल्यास सरकारी नियम लागू होतील, असे विधेयक आले आणि २००३ मध्ये तेही बारगळले. हिशेब द्यावा की नाही हा वाद नव्हता. हिशेबाचे नियम कोणी ठरवायचे, हा होता.

याचा अर्थ परंपरा सर्वत्र एकमुखी आहे असा मात्र नव्हे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील वेटसुवेटेन लोकांच्या प्रदेशातून जाणाऱ्या वायुवाहिनीच्या प्रकरणात निर्वाचित कौन्सिलांनी करार केले आणि वंशपरंपरागत नायकांनी विरोध केला. २०२० साली देशभर रेल्वेमार्ग अडले ते याच पेचातून. राखीव भूमीचा कारभार कौन्सिलकडे, पण त्याबाहेरील विस्तीर्ण पूर्वजभूमीविषयी शब्द कोणाचा, हे कायद्याने कधी स्पष्ट केलेच नव्हते.

ब्रिटिश कोलंबियात नास नदीच्या खोऱ्यातील निस्गा लोकांनी वेगळी वाट काढली. त्यांचा तह मे २००० मध्ये अमलात आला. सुमारे २,००० चौरस किलोमीटर भूमी, स्वतःची घटना, स्वतःचे विधिमंडळ त्यांना लाभले, आणि 'इंडियन अ‍ॅक्ट'चा अंमल त्यांच्यावरून उठला. एक अपवाद राहिला: सरकारी अर्थाने 'इंडियन' कोण, हे ठरवणारी नोंदवही अजून ओटावाच्या दप्तरातच आहे.