कोबा धूळ सोडतो, तो हवेमुळे नव्हे

पांढरकवड्यात कुणी घर किंवा दुकान बांधायला काढलं आणि फरशीचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास कानावर येतं: "सिमेंटचा कोबा नको, आपल्याकडच्या हवेत तो धूळ सोडतो." शेजारी सांगतात, मिस्त्री सांगतात, टाइल्स विकणारे तर सांगतातच. केळापूर तालुक्यातला उन्हाळा, शेतातली काळी माती, कापसाच्या हंगामात जिनिंगमधून उडणारे तंतू आणि महामार्गाची वर्दळ पाहिली की ते पटतंही. पॉलिश केलेल्या काँक्रीटच्या फरशीची चौकशी करणारे बहुतेक लोक याच एका समजापायी माघार घेतात. समज साफ चुकीचा आहे.

धूळ दोन प्रकारची असते. एक बाहेरून येते. ती टाइल्सवर, कोट्यावर, शहाबादीवर, सगळीकडे सारखीच बसते. दुसरी फरशीच्या आतून सुटते. दोन्हींतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खोलीचा एक कोपरा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा, पूर्ण वाळू द्या आणि कोरडा तळवा जोर लावून घासा. हाताला पांढुरकी, पिठासारखी भुकटी लागली आणि पुन्हा पुसून घासल्यावरही तेवढीच लागली, तर ती फरशीची स्वतःची आहे. हात कोरा राहिला तर कोबा निर्दोष आहे आणि तुमचं भांडण खिडकीतून येणाऱ्या मातीशी आहे.

फरशी स्वतः भुकटी का सोडते? कारण तिचा वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर कच्चा राहिलेला असतो. हा थर बिघडतो तो कोबा टाकतानाच्या शेवटच्या तासात. काँक्रीट पसरून रंध्याने सारखं केलं की थोड्या वेळाने त्यातलं जास्तीचं पाणी वर येतं आणि पृष्ठभाग चकाकू लागतो. ते पाणी आपोआप उडून जाईपर्यंत थांबायचं असतं. पण संध्याकाळ होत आलेली असते, मजुरांना घरी जायचं असतं. मग मिस्त्री घमेल्यातली सुकी सिमेंट मुठीने भुरभुरवतो, ती वरचं पाणी शोषून घेते आणि लगेच थापी फिरवून घोटाई होते. फरशी आरशासारखी दिसते, घरमालक खूश होतो. "वरून सिमेंट मारली म्हणून मजबूत झाली" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. त्या मुठीनेच फरशी कमजोर केलेली असते.

कारण सरळ आहे. वरचं पाणी आणि सुकी सिमेंट यांचा जो लगदा होतो त्यात गिट्टी नसते, रेतीही जवळजवळ नसते. निव्वळ सिमेंटचा हा थर वाळताना खालच्या काँक्रीटपेक्षा जास्त आकसतो, म्हणून त्यावर जाळीसारख्या बारीक भेगा येतात. खालून येणारं पाणी त्याच्याखाली अडकतं, तिथली जागा भुसभुशीत राहते आणि पुढे दुधावरच्या सायीसारखा तो थर सुटू लागतो. मे महिन्यात यात आणखी भर पडते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, खिडक्यांच्या उघड्या चौकटींतून गरम वारा येत असताना, वरच्या सुक्या सिमेंटला मुरायला पाणीच मिळत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया झाली तरच सिमेंट दगड होते. क्रिया झाली नाही तर ती पोत्यातून निघाली तशी भुकटीच राहते, आणि वर्षभर झाडूत तीच येते.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. सिमेंट काँक्रीटच्या फरशीसाठी भारतीय मानक आहे, आयएस २५७१, सन १९७० चं. ओलावा शोषण्यासाठी किंवा मिश्रण घट्ट करण्यासाठी सुकी सिमेंट, अथवा सिमेंट-रेतीचं सुकं मिश्रण, पृष्ठभागावर भुरभुरवू नये, असं ते सांगतं. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची फरशीबद्दलची मार्गदर्शिकाही तेच सांगते. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं छापील स्वरूपात असलेली सूचना आपल्या गावात रोज मोडली जाते आणि दोष मात्र हवेला दिला जातो.

हवेचा संबंध आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. कोरड्या हवेत कोबा लवकर सुकतो, म्हणून त्याला जास्त दिवस ओलं ठेवावं लागतं. काँक्रीटचं मुख्य मानक आयएस ४५६ (२०००) साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस सांगतं. उष्ण, कोरड्या हवेत किमान १०. आणि राख मिसळलेली सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस करतं. आता आपल्याकडे दुकानातून येणारं पोतं पाहा. त्यावर बहुतेक वेळा पीपीसी लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात औष्णिक वीज केंद्रांची राख आहे. सिमेंट चांगलीच आहे, फक्त तिची ताकद सावकाश येते. उन्हाळा आणि पीपीसी दोन्ही एकत्र आले की १४ दिवस धरूनच चाला. प्रत्यक्षात तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाइपाने पाणी मारलं जातं आणि मधल्या वेळात फरशी कडकडीत वाळते. असं पाणी मारून उपयोग नाही. कोबा सतत ओला राहिला पाहिजे. कडेने मातीचं आळं करून दोन बोटं पाणी साठवा, किंवा भिजवलेला बारदाना अंथरून वर प्लास्टिक टाका. पाण्याची टंचाई असेल तर बारदान्यावर कमी पाण्यात भागतं.

मिस्त्रीला सांगायच्या गोष्टी फार नाहीत. पन्नास किलोच्या पोत्याला रेतीतला ओलावा धरून २५ लिटरच्या आसपास पाणी. माल सरकत नाही म्हणून वरून बादली ओतायची नाही. तापमान ४० अंशांच्या वर असेल तर काम उन्हं कलल्यावर. खिडक्यांना ताडपत्री. वरचं पाणी उडून फरशी निस्तेज दिसू लागली, त्यावर उभं राहिल्यावर बुटाचा ठसा जेमतेम पाच-सहा मिलिमीटर उमटू लागला, की मगच घोटाई. थंडीत यासाठी तीन-चार तास थांबावं लागेल. त्या थांबण्याची मजुरी वेगळी द्या, पण थांबवा.

आधीच भुकटी सोडणारा कोबा घरात असेल तर तो फोडायची घाई करू नका. मशिनने वरचा कच्चा थर घासून काढला आणि खाली काँक्रीट चांगलं निघालं, तर तीच फरशी पॉलिश होऊ शकते. इथे दुसरा मोठा गैरसमज आडवा येतो: पॉलिश म्हणजे वरून लावायचं चकचकीत रसायन. तसं नाही. काँक्रीटचं पॉलिश घासून होतं. आधी जाडसर हिऱ्याचे दाणे, मग क्रमाने बारीक. २०० नंबरपर्यंत मंद झाक, ८०० च्या पुढे चकाकी. मध्ये सोडियम किंवा लिथियम सिलिकेटचं द्रावण मुरवतात. सिमेंट मुरताना जो चुना तयार होतो त्याच्याशी या द्रावणाची क्रिया होऊन छिद्रांमध्ये कठीण पदार्थ बसतो. वरून काही चढत नाही, म्हणून सोलून निघण्यासारखंही काही नसतं. इपॉक्सी ही वेगळी गोष्ट आहे. ती खरोखरच वरचा लेप आहे. उन्हात पिवळी पडते आणि जमिनीतला ओलावा वर येत असेल तर फुगून सुटते. दोन्हींचा दर एकाच कागदावर लिहून देणाऱ्या ठेकेदाराला आधी हा फरक विचारा.

असेच आणखी काही गैरसमज आहेत. "सिमेंट जास्त टाकली की तडे जात नाहीत." उलट आहे; सिमेंट आणि पाणी जितकं जास्त तितकं आकसणं जास्त. तडे थांबतात ते सांध्यांमुळे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत सांध्यांमधल्या चौकटीची कुठलीही बाजू २ मीटरपेक्षा मोठी नको असं आहे. मधली काचेची पट्टी शोभेसाठी नसते. काळ्या मातीवर थेट कोबा टाकला असेल तर मात्र सांधेही वाचवणार नाहीत. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती काढून मुरूम भरून धुम्मस करणं याला पर्याय नाही.

"पॉलिशवर धूळ बसत नाही." बसते, फक्त चिकटून राहत नाही आणि फडक्याने निघते. रस्त्यावरच्या मातीत गारेचे कण असतात, ते सिमेंटपेक्षा कठीण असतात आणि पायाखाली फरशी ओरखडतात. दुकानाच्या दारात पायपुसणं हवंच.

"पॉलिश म्हणजे घसरणार." कोरडी असताना नाही, ओली असताना होय. न्हाणीत, ओट्यावर, पावसाळी दारात २०० नंबरलाच थांबा.

"ॲसिडने धुतलं की उजळते." सिमेंटमधला चुना ॲसिड खातं आणि फरशी पुन्हा भुकटी सोडू लागते. चिंच, लिंबू, ताक सांडलं तर लगेच पुसा. कृषी केंद्रवाल्यांनी खताची विशेष काळजी घ्यावी. अमोनियम सल्फेटसारखी खतं ओली झाली की काँक्रीट पोखरतात. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा आणि सांडलेलं खत पाणी न टाकता कोरडंच झाडून घ्या.

शेवटचा गैरसमज सगळ्यांत धोक्याचा: "घासताना उडते ती सिमेंटची धूळ, आंघोळ केली की गेली." काँक्रीट कोरडं घासलं की रेतीतल्या सिलिकाची इतकी बारीक धूळ उडते की ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. तिने सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या स्फटिकी सिलिकाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. तोंडाला बांधलेला रुमाल ती धूळ अडवत नाही. पाणी सोडत घासणारी किंवा धूळ ओढून घेणारी मशिन आणि एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क, ही अट दर ठरवतानाच घाला, आणि त्यामुळे दर थोडा वाढला तर तो द्या.