मलमपट्टीचे विज्ञान, लेखांक ६ : मधाचे जेल आणि चिघळलेली जखम

हायड्रोजेल म्हणजे पोटात पाणी धरून ठेवणारे पॉलिमरचे जाळे. वजनाने ते बहुतांशी पाणीच असते, पण वाहून जात नाही. ऑटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लिम या चेक शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये असे जेल वैद्यकीय वापरासाठी सुचवले. त्यातून आधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली, जखमेवरची पट्टी नंतर. कोरडे गॉज जखमेला चिकटते आणि सोडवताना कोवळी त्वचा घेऊनच निघते. जेल जखम ओलसर ठेवते, मेलेले मांस मऊ करून सुटे होऊ देते आणि न दुखवता निघते. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे असे जेल गॅमा किरणांनी तयार केले. त्यात जाळे विणणे आणि निर्जंतुक करणे ही दोन्ही कामे एकदमच उरकतात.

जखमेत पू झाला असेल तर मात्र नुसता ओलावा पुरत नाही, जंतूंनाही तो मानवतो. म्हणून जेलमध्ये जंतुनाशक घालावे लागते. नैसर्गिक द्रव्यांत हळदीचे नाव आधी येते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करून घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि जेल म्हणजे मुख्यतः पाणी. तिथेच घोडे अडते. कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान जंतूंच्या आवरणाला चिकटून ते फोडते, पण त्यासाठी भोवताल किंचित आम्लधर्मी लागतो. अशी बरीचशी जेल अजून प्रयोगशाळेतल्या बशीत आणि उंदरांवरच आहेत. माणसांवर भरपूर वापरून पाहिलेले द्रव्य म्हणजे मध.

त्यातला एक गाजलेला अभ्यास सोलापूरचा. तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या १०४ रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त मांडले. मध लावलेल्यांपैकी ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. चांदीयुक्त सल्फाडायझिनचे मलम लावलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. इतकी मोठी तफावत जरा जपूनच घ्यावी. वरवर भाजलेली जखम मधाने नेहमीच्या पट्टीपेक्षा काही दिवस लवकर भरते, एवढे मात्र नंतरच्या आढाव्यांतही टिकले.

मध काम करतो तो पाण्याच्या हिशेबावर. त्यात पाणी जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणून तो जंतूंतले पाणी ओढून घेतो. त्याचा आम्लपणाही जंतूंना सोसत नाही. शिवाय मधमाशीने त्यात सोडलेले ग्लुकोज ऑक्सिडेझ हे विकर दाट मधात निजलेले असते. जखमेतल्या स्रावाने मध पातळ झाला की ते जागे होते आणि थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड सुटू लागते. मध फारच पातळ झाला तर या शक्ती ओसरतात. उघड्या जखमेवर नेमके तेच होते: अंगाच्या उबेने मध पातळ होतो, पट्टीतून झिरपतो आणि थोड्याच वेळात जखमेपेक्षा कपड्यालाच जास्त लागलेला असतो. जेलच्या जाळ्यात तो अडकून राहतो आणि हळूहळू सुटतो.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, मधमाशीपालनाचे जुने केंद्र. तिथले मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले. त्यामुळे महाड-पोलादपूरच्या घरांत मधाची बाटली नवी नाही. पण खाण्याचा मध आणि जखमेचा मध एक नव्हे. कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मध तापवून ते मरत नाहीत, विकर मात्र मरते. म्हणून वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्याने बीजाणू जातात आणि जंतुनाशक गुण टिकतो.

महाड-पोलादपूरकडच्या पावसाळी जखमांना हे जेल सरसकट लागू पडत नाही. लावणीच्या चिखलात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांना जागा कोरडी ठेवणे हाच उपाय, तिथे ओलसर जेल नको. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या चिरेतून आत शिरले की दुखणे रक्तात गेलेले असते. तिथे पट्टी नव्हे, प्रतिजैविक लागते. घोणस किंवा फुरसे चावल्यावर आधी प्रतिविष. चाव्याभोवतीचे मांस पुढे सडले, तर मेलेला भाग शल्यचिकित्सकाने काढल्यावरच तिथे जेलचा विचार होतो. विळ्याने कापलेल्या मळकट जखमेलाही आधी धुणे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन.

उरतात त्या कोरड्या पडलेल्या, पिवळट थर धरलेल्या, रेंगाळणाऱ्या जखमा. मधुमेह्याच्या पायावर त्या विशेष दिसतात. जेल तिथे शोभते. स्राव फार असेल तर ते फुगते आणि कडेची त्वचा भिजून पांढरी पडते. अशा वेळी समुद्री शेवाळापासून केलेली, स्राव शोषून घेणारी अल्जिनेटची पट्टी आधी बांधतात आणि स्राव ओसरल्यावर जेलकडे वळतात.