दीड टन म्हणजे किती बर्फ?

एसी घेताना आपण सहज सांगतो, ‘दीड टनाचा दाखवा.’ तो टन कशाचा, हे दुकानात क्वचितच कुणी सांगतं. तो बर्फाचा टन आहे. ९०७ किलोंचा अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, त्या वेगाने खोलीतली उष्णता बाहेर काढणारा एसी एक टनाचा. म्हणजे तासाला १२,००० बीटीयू किंवा सुमारे साडेतीन किलोवॉट. विजेचा खप मात्र याहून खूपच कमी असतो, कारण एसी उष्णता फक्त आतून बाहेर वाहून नेतो.

या मापाचं मला फार अप्रूप आहे. यंत्रं येण्याआधी थंडावा खरोखरच टनावारी विकला जाई. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ जहाजातून कोलकात्याला बर्फ धाडला. निघताना सुमारे १८० टन होता. चार महिन्यांचा प्रवास करून, विषुववृत्त दोनदा ओलांडूनही शंभरेक टन शिल्लक राहिला! पुढे मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम मिळालं. मुंबईतलं बर्फघर आता नाही, पण ट्यूडरने मद्रासच्या किनाऱ्यावर बांधलेलं आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून लोक तिथे त्यांचं स्मारक पाहायला जातात. मी गेलो तो बर्फासाठी. त्या गोलसर भिंतींपाशी बराच वेळ उभा राहिलो. समोर मरीना किनारा तापलेला होता.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. इन्व्हर्टर म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करण्याची सोय. आयसीअर म्हणजे हंगामभरात काढलेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेली वीज. तारे त्यावरूनच मिळतात. लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांचे असतात. वर्षभर रोज आठ तास एसी लावणाऱ्याचे २,९२० तास होतात, तेव्हा बिल त्या हिशेबाने धरावं. आर-३२ हा आतला गॅस. तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून घ्या’ सांगणाऱ्याला मी तरी पैसे देणार नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी यंत्रणा आखली, ती दमटपणा आवरण्यासाठी. हवेतल्या ओलाव्याने कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. मुंबई-गोव्यातल्या घरांचं दुखणंही तेच आहे. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा इथे भेटतो: किलोभर बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट लिटरभर पाण्याची वाफ व्हायला लागते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की ते वाफ होताना हवेतली उष्णता ओढून घेतं, म्हणून नागपुरात कूलर सुखाचा. मुंबईच्या हवेत आधीच ओलावा, तिथे कूलर घामात भरच घालतो.

एसीला तर उलटं काम करावं लागतं. थंड कॉइलवर वाफेचं पाणी होताना तीच उष्णता बाहेर पडते आणि तीही त्यालाच उपसावी लागते. दीड टनाच्या एसीच्या पाइपातून तासाला दोन लिटर पाणी गळत असेल, तर त्याची पाव ताकद नुसती हवा सुकवण्यात जाते. म्हणून लहान खोलीत ‘असू दे मोठा’ म्हणत दोन टनाचा घेणं मला पटत नाही. साधा, एकाच वेगाचा कॉम्प्रेसर असेल तर तो खोली झटकन गार करून बंद पडतो, आणि पाणी काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. खोली गार होते, पण चादरीचा दमटपणा जात नाही. पावसाळ्यात रिमोटवरचा ‘ड्राय’ लावावा: पंखा मंद राहतो, हवा कॉइलवरून सावकाश जाते, खोली फार गारठत नाही आणि ओलावा मात्र पाइपवाटे निघून जातो.